विसर्गाच्या एककांचे रूपांतरण

एकक कालावधीत एखाद्या ठिकाणाहून वाहून जाणाऱ्या द्रव अथवा वायूच्या आकारमानास विसर्ग किंवा आकारमानी प्रवाहदर असे म्हणतात. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत त्याचे एकक घनमीटर प्रति सेकंद (क्युमेक) आहे. ब्रिटिश पद्धतीत घनफूट प्रति सेकंद (क्युसेक), घनफूट प्रति मिनिट (सीएफएम) आणि गॅलन प्रति मिनिट ही एकके वापरली जातात. भारताने मेट्रिक पद्धत स्वीकारली असली, तरी महाराष्ट्रात धरणांचा विसर्ग आजही प्रामुख्याने क्युसेकमध्ये, तर शहरांचा पाणीपुरवठा दशलक्ष लिटर प्रतिदिन (एमएलडी) या एककात सांगितला जातो. त्यामुळे या दोन पद्धतींमधील रूपांतरण वारंवार करावे लागते.

रूपांतरणाची रीत

विसर्गात आकारमान आणि काळ अशा दोन राशी असतात. त्यांचे रूपांतर स्वतंत्रपणे करावे लागते. १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, म्हणून १ घनफूट म्हणजे ०.३०४८ × ०.३०४८ × ०.३०४८ = ०.०२८३१६८ घनमीटर, अर्थात सुमारे २८.३१७ लिटर. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यावरून १ क्युसेक म्हणजे दिवसाला सुमारे २४.४७ लाख लिटर होतात.

प्रमुख गुणांक

१ क्युसेक = २८.३१७ लिटर प्रति सेकंद = २.४४६६ एमएलडी
१ क्युमेक = ३५.३१५ क्युसेक = ८६.४ एमएलडी
१ सीएफएम = १.६९९ घनमीटर प्रति तास
१ ब्रिटिश गॅलन प्रति मिनिट = ४.५४६ लिटर प्रति मिनिट
१ अमेरिकी गॅलन प्रति मिनिट = ३.७८५ लिटर प्रति मिनिट

उदाहरण : नवी मुंबई

नवी मुंबई महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य स्रोत रायगड जिल्ह्यातील मोरबे धरण हा आहे. या योजनेची क्षमता ४५० एमएलडी आहे. ४५० ला ८६.४ ने भागल्यास ५.२१ क्युमेक आणि २.४४६६ ने भागल्यास सुमारे १८४ क्युसेक मिळतात. हाच प्रवाह दिवसाला सुमारे ९९ दशलक्ष ब्रिटिश गॅलन इतका भरतो. मात्र ही ९९ दशलक्ष गॅलनची संख्या अमेरिकी गॅलन समजून वाचल्यास उत्तर सुमारे ३७५ एमएलडी येते, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा ७५ एमएलडी कमी. पंपाच्या माहितीपत्रकात गॅलन कोणता हे पाहणे यामुळेच आवश्यक ठरते.

विसर्ग आणि साठा

क्युसेक हा प्रवाहाचा दर आहे, तर टीएमसी (अब्ज घनफूट) हे साठ्याचे एकक आहे. या दोहोंची गल्लत वारंवार होते. १ टीएमसी म्हणजे २८.३१७ दशलक्ष घनमीटर. कोयना धरणाची १०५.२५ टीएमसी साठवणक्षमता त्यानुसार सुमारे २,९८० दशलक्ष घनमीटर होते. दर आणि साठा यांना जोडणारा दुवा काळ हा आहे : ११,५७४ क्युसेकचा विसर्ग २४ तास कायम राहिल्यास १ टीएमसी पाणी वाहून जाते. ५०,००० क्युसेकने दिवसभरात ४.३२ टीएमसी पाणी जाते.

कृष्णा व पंचगंगा नद्यांना २०१९ आणि २०२१ साली आलेल्या महापुरांसारख्या प्रसंगी नदीकाठचे लोक विसर्गाच्या आकड्यांवर लक्ष ठेवून असतात. अशा वेळी क्युसेक आणि क्युमेक या सारख्या वाटणाऱ्या शब्दांची अदलाबदल झाल्यास आकडा ३५ पटींनी चुकतो. म्हणून विसर्ग सांगताना संख्येसोबत एकक स्पष्ट लिहिणे गरजेचे असते.

वायूंचे मापन

हवेचे काँप्रेसर व पंखे यांची क्षमता बहुधा सीएफएममध्ये दिलेली असते. १०० सीएफएम म्हणजे सुमारे १७० घनमीटर प्रति तास. वायूचे आकारमान तापमान व दाबानुसार बदलते. त्यामुळे दोन आकड्यांची तुलना करताना दोन्ही मापने समान तापमान व दाबाची असावी लागतात.