धानाच्या बांधावरची लाल मुनिया

दसरा-दिवाळीच्या सुमारास रायपूरच्या बाजारात धानाच्या लोंब्या गुंफून केलेल्या झालरी विकायला येतात. नव्या पिकाची ही झालर दाराला टांगायची आणि पाखरांनी येऊन तिचे दाणे टिपायचे, ही छत्तीसगडची जुनी रीत. चिमण्या अगदी दारापर्यंत येतात. पण ज्या शेतातून ही झालर येते, तिथलेच एक देखणे पाखरू शहरातल्या लोकांनी पाहिलेले असते ते बहुधा पिंजऱ्यात. ते पाखरू म्हणजे लाल मुनिया.

मुनिया चिमणीपेक्षाही लहान. लांबी जेमतेम चार इंच. पाणथळ जागेजवळचे उंच गवत, तलावाकाठचे पाणकणीस आणि धानाचे बांध ही तिची आवडती ठिकाणे. छत्तीसगडात गावोगावी तलाव आणि सभोवती धानाची शेते, त्यामुळे तिला हा मुलूख मानवतो. गवताचे बारीक बी हे तिचे मुख्य अन्न. वाळवीसारखे किडेही ती खाते.

ऋतूप्रमाणे पोशाख

एप्रिलमध्ये या पक्ष्याची चोच काळी पडते आणि मेपासून पुन्हा लाल होऊ लागते. पावसाळा हा विणीचा हंगाम. त्या दिवसांत नर गुलालासारखा लालभडक होतो आणि त्यावर पांढरे ठिपके उठतात. मादी मात्र साधी तपकिरी, फक्त शेपटीच्या मुळाशी लाल. हंगाम संपला की नरही आपला लाल पोशाख उतरवतो आणि मादीसारखाच दिसू लागतो. मुनियांच्या कुळात शंभराहून अधिक जाती आहेत, पण ऋतूप्रमाणे असा वेष पालटण्याची तऱ्हा हिच्याखेरीज कोणाकडे नाही.

घरटे गवताच्या पात्यांचे, चेंडूसारखे गोल आणि जमिनीपासून फारसे उंच नसलेले. त्यात पाच-सहा पांढरीशुभ्र अंडी असतात. ती नर-मादी दोघेही आळीपाळीने उबवतात.

आफ्रिकेतील भाऊबंद

या कुळाचे गणगोत आफ्रिका, दक्षिण आशिया आणि ऑस्ट्रेलिया येथे पसरलेले आहे. लाल मुनियेची एक सख्खी बहीण, नारिंगी पोटाची, आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात राहते. आपल्याकडच्या माळरानावरची पांढऱ्या कंठाची मुनिया आणि तिची आफ्रिकी जोडीदारीण तर इतक्या सारख्या, की पूर्वी शास्त्रज्ञ दोघींना एकच जात मानत. आफ्रिकेत या छोट्या पाखरांना एक वेगळाच त्रास आहे. आपली कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तसे तिथले काही पक्षी यांच्या घरट्यात अंडी घालतात. परक्या पिलांच्या तोंडातील ठिपकेसुद्धा हुबेहूब घरच्या पिलांसारखे असतात, त्यामुळे आईबाप फसतात आणि त्यांनाही भरवतात.

आपल्या मुनियेला हा त्रास नाही. तिच्या वाट्याला आला तो माणूस.

अहमदाबादचे नाव

लाल मुनियेच्या शास्त्रीय नावात ‘अमांडावा’ हा शब्द दोनदा येतो. तो ‘अहमदाबाद’ या नावाचा अपभ्रंश आहे. पूर्वी या शहरातून ही पाखरे परदेशी पाठवली जात, म्हणून तेच नाव चिकटले. लिनियसने १७५८ साली पक्ष्याचे नामकरण केले, म्हणजे हा व्यापार त्याहून जुना. पिंजऱ्यातून सुटलेल्या वा सोडलेल्या मुनियांचे वंशज आज स्पेन, फिजी आणि हवाई येथे रानात नांदताना दिसतात.

मुनिया थव्याने राहते, एकत्र उतरते आणि एकत्र दाणे टिपते. नेमकी हीच सवय तिच्या मुळावर येते, कारण एका जाळ्यात आख्खा थवा सापडतो. दाटीवाटीच्या पिंजऱ्यांतून नेताना कित्येक पाखरे वाटेतच मरतात. जी उरतात, त्यांचा लाल रंगही पिंजऱ्यात पुष्कळदा काळवंडतो. ज्या रंगासाठी पाखरू विकत घेतले, तोच टिकत नाही.

तिची दुसरी बहीण, हिरवी मुनिया, तर फक्त भारतातच, मुख्यतः मध्य भारतात आढळते. विक्रीसाठी होणारी धरपकड आणि कमी होत चाललेले गवत यांमुळे तिची गणना आज जागतिक पातळीवर धोक्यातील पक्ष्यांत होते.

आपण काय करावे?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुनिया पकडणे गुन्हा आहे आणि १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. तरीही चोरून विक्री चालतेच. कधी साध्या मुनियांना हिरवा-पिवळा रंग फासूनही विकतात. मुलांनी हट्ट धरला म्हणून किंवा पुण्य लाभावे यासाठी सोडून देण्याकरिता, कोणत्याही कारणाने पाखरू विकत घेतले, तरी पारध्याला पुढच्या जाळ्याचे पैसे मिळतात. अशी विक्री दिसल्यास वन विभागाला कळवावे.

शेत असेल तर बांधावरचे आणि पाण्याकाठचे थोडे गवत विणीच्या दिवसांत कापू नये, जाळू नये. आणि मुलांना लाल मुनिया दाखवायचीच असेल, तर पावसाळ्यात एखाद्या सकाळी त्यांना शहराबाहेरच्या तलावाकाठी न्यावे. गवताच्या शेंड्यावर झुलणारा तो लाल ठिपका एकदा पाहिला, की मुले पिंजरा मागणार नाहीत.