तीन प्लग, एक पाना आणि मी

सोमवारी आजीला तपासणीसाठी मिरजेला न्यायचं होतं आणि शनिवारी संध्याकाळीच आमची जुनी ओम्नी धक्के मारायला लागली. रविवारी कवठे महांकाळमधलं आमचं नेहमीचं गॅरेज बंद. "प्लग गेला असंल. तूच बदल की," शेजारचे तात्या म्हणाले. त्यांची हयात गॅरेजात गेली, पण आता हात थरथरतो. मग रात्रीच दुकानातून तीन प्लग आणले. सकाळी पाना माझ्या हातात, तात्या खुर्चीत!

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. सिलिंडर तीन, म्हणून प्लगही तीन. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटवणारी ठिणगी हा प्लग देतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला १००० ठिणग्या टाकाव्या लागतात. एक जरी चुकार निघाला, की गाडी 'मिसिंग' मारते आणि पेट्रोल वाया जातं.

पहिला नियम : इंजिन पूर्ण गार हवं. दुसरा : वायर ओढायची नाही, टोपी धरून काढायची, तीही एका वेळी एकच, म्हणजे अदलाबदल होत नाही. प्लगभोवती आपल्या भागातली धूळ साचलेली. ती आत सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून सायकलच्या पंपानं आधी उडवली.

दोन प्लग फिकट तपकिरी निघाले, म्हणजे तब्येत ठीक. तिसरा काळा, काजळी धरलेला. "नवापण असाच काळा झाला, तर दोष प्लगचा न्हाई. वायर, एअर फिल्टर, कार्बोरेटर बघायचं," तात्यांनी बजावलं. तेलकट प्लग म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, पांढराफटक म्हणजे इंजिन जास्त तापतंय.

नव्या प्लगची गॅप फिलर गेजनं तपासली. आता खरी परीक्षा. मी पाना लावणार, तोच तात्या ओरडले, "आधी हातानं!" सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं. प्लग वाकडा बसला आणि जोर लावला, तर आटे जातात आणि शंभर-दोनशेचं काम हजारांत जातं. शेवटपर्यंत बोटांनी फिरवायचं आणि वॉशरवाला नवा प्लग असेल तर पान्यानं फक्त अर्धा फेरा.

तुमच्या गाडीत प्लगवर कॉइल असेल तर आधी मॅन्युअल वाचा. आणि डिझेल गाडीत स्पार्क प्लग शोधत बसू नका, तो नसतोच!

किल्ली फिरवली. एकही धक्का नाही. सोमवारी मिरजेहून परतताना आजीनं विचारलं, "गॅरेजवाल्याला किती दिलंस गं?"

"एक कप चहा," मी म्हटलं.