‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलची फेरतपासणी

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातून त्याची ने-आण प्रथिने आणि मेद यांच्या संयुक्त कणांना, म्हणजे लिपोप्रोटीनांना, करावी लागते. त्यांपैकी सर्वांत लहान आणि घन असे एचडीएल कण धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल गिळून फुगलेल्या भक्षक पेशींकडून ते उचलतात व यकृताकडे पोहोचवतात. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या रहिवाशांच्या पाहणीत १९७७ साली एचडीएल कमी असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होत असल्याचे दिसले आणि या कणांचा लौकिक पसरला.

एचडीएल वाढवले की धमन्या मोकळ्या राहतील, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा ठरला. एचडीएलमधील कोलेस्टेरॉल इतर कणांकडे सरकवणाऱ्या प्रथिनाला अडवणारे टॉर्सेट्रापिब हे औषध सुमारे १५,००० रुग्णांवर तपासले गेले. एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढले, ‘वाईट’ समजले जाणारे एलडीएल जवळजवळ पाव हिश्शाने उतरले, आणि तरीही औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाल्याने डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. या औषधाने रक्तदाब वाढत असल्याने दोष त्या एका रेणूच्या माथी मारण्यास वाव होता. परंतु त्याच जातीच्या डाल्सेट्रापिबने रक्तदाब फारसा न वाढवता एचडीएल चढवले आणि झटके तेवढेच राहिले, तेव्हा ती पळवाटही बंद झाली. जनुकीय पुरावा त्याहून बोलका आहे: एका लायपेज विकराच्या जनुकातील फरकामुळे ज्यांचे एचडीएल जन्मापासूनच जास्त असते, त्यांना हृदयविकारापासून संरक्षण मिळत नसल्याचे २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

याउलट इटलीतील गार्डा सरोवराकाठच्या लिमोने गावातील काही कुटुंबांत एचडीएलच्या मुख्य प्रथिनाचा, एपोए-१चा, एक वेगळा प्रकार आढळतो. त्यांचे एचडीएल कमालीचे कमी असूनही धमनीविकार अपेक्षेइतका दिसत नाही. म्हणून संशोधकांचे लक्ष आता रक्तातील प्रमाणाकडून कणांच्या कामाकडे, म्हणजे ते पेशीतून कोलेस्टेरॉल किती बाहेर काढतात याकडे, वळले आहे. ही वाटही सोपी नाही, कारण नुकताच झटका येऊन गेलेल्या १८,००० हून अधिक रुग्णांना मानवी रक्तद्रवातून मिळवलेले एपोए-१ शिरेवाटे देऊनही पहिल्या ९० दिवसांतील धोका लक्षणीय घटला नाही, असे २०२४ मध्ये दिसून आले.

कमी एचडीएल ही भारतीयांत सर्रास आढळणारी बाब असून तिच्या जोडीला बहुधा वाढलेले ट्रायग्लिसराइड, सुटलेले पोट आणि इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशी असतात. तपासणीच्या कागदावरील तो आकडा धोक्याचा अंदाज बांधण्यास आजही उपयोगी पडतो, औषधोपचाराचे लक्ष्य मात्र एलडीएल हेच आहे.