मागचा दिवा कुणासाठी?

मुलांनो, एक सोपं कोडं सोडवा बरं! गाडीवरचा असा कोणता दिवा आहे, जो गाडी चालवणाऱ्याच्या काहीच कामाचा नसतो?

बरोबर! मागचा लाल दिवा, म्हणजे टेललाइट. पुढचा दिवा आपल्याला रस्ता दाखवतो. मागचा दिवा असतो तो मागून येणाऱ्यासाठी. म्हणून तर पुढचा दिवा बंद पडला की आपण लगेच गॅरेज गाठतो. आणि मागचा दिवा धुरकट होऊन त्याची सालपटं निघाली, तरी वर्षानुवर्षं कुणाचं लक्षही जात नाही.

आमच्या कन्नडहून चाळीसगावकडे निघालं की औट्रम घाट लागतो. सोलापूर-धुळे महामार्ग इथून खाली खानदेशात उतरतो. पावसाळ्यात घाटात इतकं धुकं दाटतं, की पुढची गाडी दिसतच नाही. दिसतात ते फक्त दोन लाल ठिपके. त्या दोन ठिपक्यांवर किती जणांचा जीव अवलंबून असतो, ते आपण गणितानंच पाहू.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात, की मोटारीच्या मागच्या दिव्याचा लाल प्रकाश १५५ मीटरवरून दिसायला हवा. आता समजा, मागची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगानं येते आहे. ६०,००० मीटरला ३,६०० सेकंदांनी भागा. म्हणजे ती एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर येते. पुढची गाडी वाटेत उभी असेल आणि तिचा दिवा १५५ मीटरवरून दिसला, तर मागच्या चालकाला ९ सेकंद मिळतात. पण दिवा धुरकट असल्यामुळे तो ५० मीटरवर आल्यावरच दिसला तर? जेमतेम ३ सेकंद! त्यातले एक-दीड सेकंद तर डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात. पाहिलंत, दिव्याच्या स्वच्छतेचा हिशेब सेकंदात होतो!

बरं, पण दिवा धुरकट होतोच का? आपण त्याला ‘काच’ म्हणतो, कारण पूर्वी ती खरोखर काचेचीच असे. आता ती प्लास्टिकची असते, बहुतेक वेळा ॲक्रिलिकची. प्लास्टिकचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. आपल्या मराठवाड्याचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे! त्या उन्हातले अतिनील किरण या साखळ्या हळूहळू तोडतात. काही दिव्यांवर वरून पारदर्शक लेप दिलेला असतो. तो तडकतो आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटू लागतो. त्यात रस्त्यावरची धूळ. सुटलेल्या धुळीवर कोरडं फडकं फिरवलं, की हजारो बारीक ओरखडे पडतात. अशा खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश सरळ जाण्याऐवजी चहूकडे विखुरतो. भर उन्हात तर वरून पडणारा प्रकाशही विखुरतो आणि पुढच्यानं ब्रेक दाबलाय की नाही, हेच कळत नाही.

खोटं वाटतं? मग करून पाहा. एक जुनी, नितळ प्लास्टिकची पट्टी घ्या. तिच्या एका कोपऱ्यावर बारीक काचकागद घासा. कोपरा दुधी झाला? आता त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. अरेच्चा! खालची अक्षरं पुन्हा दिसायला लागली! पाण्यानं ओरखड्यांच्या खाचा भरून काढल्या, पृष्ठभाग सपाट झाला आणि प्रकाश सरळ जाऊ लागला. पाणी वाळलं की पट्टी पुन्हा दुधी. आता मऊ ओल्या फडक्यावर थोडी टूथपेस्ट घेऊन तो कोपरा दहा मिनिटं चोळा. टूथपेस्टमध्ये अगदी बारीक कण असतात. ते ओरखड्यांच्या कडा झिजवतात आणि पट्टी बरीच उजळते.

टेललाइट उजळण्याची युक्ती हीच. फक्त हे काम मोठ्या माणसांनी करायचं. तुम्ही पाण्याची बादली धरायची. आधी दिव्यावर पाणी ओतून पाहायचं. ओला झाल्यावर तो नितळ दिसला, तर दोष वरच्या पृष्ठभागाचा आहे, म्हणजे घासून उपयोग होईल. ओला होऊनही धुरकटच राहिला, तर दोष आत आहे. बाहेरून कितीही घासलं तरी व्यर्थ!

मग साबणाच्या पाण्यानं दिवा धुवायचा. आजूबाजूच्या रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून कडेनं चिकटपट्टी लावायची. त्यानंतर वॉटर पेपर. हा काचकागद पाण्यात भिजवून वापरतात. त्याचा नंबर जितका मोठा, तितका तो बारीक. पापुद्रे निघत असतील तर ८०० नंबरनं सुरुवात करायची, नुसता धुरकटपणा असेल तर १,००० नं. मग १,५००, २,००० आणि शेवटी ३,०००. प्रत्येक कागदानं आधीच्या कागदाचे ओरखडे पुसायचे. पाणी मात्र सतत हवं. सुरुवातीला दिवा पहिल्यापेक्षाही पांढरा दिसतो. घाबरायचं नाही! रंगारी वापरतात ते पॉलिश मऊ फडक्यावर घेऊन चोळलं, की तो चमकू लागतो.

पण काम इथं संपत नाही हं! जुना लेप घासून गेला, म्हणजे प्लास्टिक आता उघडं पडलं. ऊन त्याला पुन्हा खाणार. म्हणून अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लेप रंगाऱ्याकडून मारून घ्यावा. नुसतं मेण लावलं तर ते फार दिवस टिकत नाही, पुन्हापुन्हा लावावं लागतं. आणि एक लक्षात ठेवा, दिवा पुसायला पेट्रोल किंवा थिनर कधीही वापरू नये. त्यानं प्लास्टिकला बारीक तडे जातात, ते कुठल्याच पॉलिशनं जात नाहीत. लाल रंगच उडाला असेल, काच फुटली असेल किंवा आत पाणी शिरलं असेल, तर सरळ नवा दिवा बसवावा. आणि शोभेसाठी दिव्यावर काळी फिल्म चिकटवणाऱ्या दादांना काय म्हणावं? चांगला दिवा ते स्वतःच्या हातानं आंधळा करतात!

मागच्या दिव्यातच बहुधा आणखी एक गंमत दडलेली असते, ती म्हणजे रिफ्लेक्टर. त्याला ना बल्ब, ना वायर. त्याच्या आतल्या बाजूला खोलीच्या कोपऱ्यासारखे चिमुकले तीन-कोनी कोपरे असतात. त्यांवर पडलेला प्रकाश आला त्याच दिशेनं परत जातो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर अशाच १०० कोपऱ्यांची चौकट ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण त्यावरून परत येतो आणि चंद्राचं अंतर मोजता येतं. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीची बॅटरी उतरली, तरी हा रिफ्लेक्टर मागच्याला सावध करतो. मात्र तो धुरकट झाला, तर प्रकाशाला आत जाताना एकदा आणि बाहेर येताना पुन्हा एकदा, अशी दोनदा अडवणूक होते.

मग या रविवारची कामगिरी ठरली! संध्याकाळी अंगणात उभ्या असलेल्या, बंद गाडीपासून तीस पावलं मागे जा. टॉर्च डोळ्याजवळ धरून तिच्या रिफ्लेक्टरवर मारा. लख्ख लाल चमकला तर शाबास! नाही चमकला तर आई-बाबांना दाखवा. शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली, बैलगाडीला लावलेला रिफ्लेक्टर, सगळं विचारून तपासा. बरेचदा नुसता चिखलच असतो, बादलीभर पाण्यात काम होतं. आणि हो, तुमच्या सायकलच्या मागच्या मडगार्डवरचा तो लाल तुकडा? तो शेवटचा कधी पुसला होता?