श्वासाच्या वाटेचे माप

आमच्या आपाच्या उजव्या फुप्फुसाचा एक भाग काढायचा होता. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई सीटी स्कॅन पडद्यावर लावून श्वासनलिकेची रुंदी मोजत बसल्या होत्या. मी म्हटले, ‘‘कापणार दुसरेच, मग माप तुम्ही का घेता?’’

त्याचे कारण असे. फुप्फुस भात्यासारखे हलत राहिले, तर सर्जनचा हात चालणार कसा? म्हणून एक फुप्फुस थांबवून दुसऱ्यावर श्वास चालवतात. त्यासाठी दोन पोकळ्यांची जोडनळी असते. एक तोंड श्वासनलिकेत उघडते, दुसरे बहुधा डाव्या शाखेत शिरते. स्वीडनच्या कार्लेन्स यांनी १९४९ मध्ये अशी नळी केली ती प्रत्येक फुप्फुसाचा श्वास वेगळा मोजण्यासाठी. शस्त्रक्रियेत ती लगेचच आली.

डावीच शाखा का? ती सुमारे पाच सेंटिमीटर लांब असते. उजवीला दोनेक सेंटिमीटरवरच फाटा फुटतो आणि नळीने तो बुजू शकतो. काही थोड्या माणसांत हा फाटा थेट श्वासनलिकेतूनच निघतो. स्कॅनमध्ये तो आधीच दिसतो.

मोठ्यांसाठी या नळ्या साधारणपणे ३५, ३७, ३९, ४१ अशा फ्रेंच मापांत मिळतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. ३९ ची नळी बाहेरून सुमारे १३ मिलिमीटर. मोठी घातली तर शाखा फाटण्याची भीती. लहान घातली तर ती खोल घसरते, कडेने हवा गळते. मग फुगा जास्त फुगवावा लागतो आणि त्याचाच दाब बसतो.

पूर्वापार हे माप उंची आणि स्त्री-पुरुष यावरून ठरवत. सदऱ्याला ते चालेल. पण उंच माणसाची शाखा रुंदच असेल याचा भरवसा नाही. आजारासाठी स्कॅन काढलेलाच असतो, त्यातूनच मोजता येते. फक्त शाखा तिरकी जाते, म्हणून छेद तिला काटकोनात धरावा लागतो. नाहीतर गोल भोक लांबट दिसते आणि माप चुकते. आम्ही मात्रा मोजणारे लोक, मला ही काळजी लगेच पटली.

एवढे करूनही नळी नेमकी बसली की नाही, हे बारीक दुर्बिणीने पाहतात. रोग्याला कुशीवर वळवल्यावर पुन्हा पाहतात, कारण नळी सरकते.

आपा उंचीने माझ्याएवढी. उंचीवरून ३७ ची नळी ठरली असती. बाईंनी ३५ ची काढली. दुसऱ्या दिवशी आपाचा घसा बसला होता. त्याच आवाजात तिने चहा मागितला.