कर्ण्याच्या मशीनमधली गिटार

नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर अरणगाव येतं. तिथल्या मेहेराबादेत आध्यात्मिक गुरू मेहेर बाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत ते सोडलं नाही. गंमत अशी, की रॉकच्या इतिहासातल्या सर्वांत कानठळ्या बसवणाऱ्या गिटारवादकांपैकी एक त्यांचाच भक्त निघाला. ‘द हू’ या इंग्लिश बँडचा पीट टाउनशेंड १९६५च्या सुमारास लंडनमध्ये गिटारची मशीनं, म्हणजे ॲम्प्लिफायर, बनवणाऱ्या जिम मार्शल यांच्यामागे लागला: शंभर वॅटचं मशीन हवं, गर्दीच्या वर आवाज निघाला पाहिजे. मार्शलनी ते करून दिलं. सोबतची आठ स्पीकरांची पेटी उचलताना सामान वाहणाऱ्यांनी हात टेकले, म्हणून तिचे दोन भाग करून एकावर एक ठेवले गेले. पुढे हीच रचना रॉकची ओळख झाली.

हे सगळं व्हॉल्व्हवर चालायचं. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतली तार तापते, इलेक्ट्रॉन सुटतात, प्लेटकडे धावतात आणि मधली जाळी त्यांना कमी-जास्त सोडते. गिटारचा क्षीण विद्युत संदेश त्या जाळीवर दिला, की प्लेटवर तोच मोठा होऊन निघतो. मर्यादेपलीकडे ताणलं की साधं ट्रान्झिस्टरचं मशीन आवाजाची टोकं कापून टाकतं. व्हॉल्व्ह ती हळूहळू दाबतो. वादकाला हवा असतो तो हाच दाबलेला, किंचित चिरका, तरीही गोड सूर. मूळ मार्शलचा आराखडाही फेंडर बासमन या अमेरिकी मशीनवरून घेतलेला होता.

आता शंभर वॅटचा मोह नगरमधल्या पोरानं सोडावा हे बरं. शक्ती दहापट केली तेव्हा कुठे कानाला आवाज दुप्पट वाटतो. पाच वॅटचं एका पॉवर व्हॉल्व्हचं मशीन सावेडी उपनगरातल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना दार ठोठावायला लावायला पुरतं, आणि त्यातून तो दाबलेला सूर कमी आवाजातच निघतो. मोठं मशीन घेऊन आवाज एकवर ठेवणं म्हणजे पैसे देऊन मजा सोडणं.

स्वस्तातला खरा पर्याय मात्र मंडप आणि साउंडवाल्यांच्या अडगळीत आहे. जत्रा, तमाशा, लग्नं आणि सभा यांना एकेकाळी व्हॉल्व्हची मशीनंच आवाज पुरवायची. दिल्लीच्या आहुजा कंपनीची तर गावोगाव होती. वरती कर्णा, खाली हा जड डबा. ट्रान्झिस्टर आले आणि ती बाजूला पडली. परदेशात असली सभागृहाची जुनी मशीनं घेऊन गिटारसाठी बदलून घेणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे ती बहुधा भंगाराच्या वजनानं जातात. नगरला नाही मिळालं, तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो.

पाहायचं काय? सगळ्यात आधी ट्रान्सफॉर्मर. त्याला जळका वास येत असेल तर भाव पाडा किंवा निघा. पॉवर ट्रान्सफॉर्मर चांगला रिवाइंडिंगवाला पुन्हा गुंडाळून देऊ शकतो. शेतातल्या मोटारींमुळे हे कसब आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं तसं नाही. त्यात गुंडाळ्यांचे थर एकमेकांत गुंफलेले असतात, आणि सूर तिथेच बिघडतो. मागच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहमची टोकं आहेत का ते बघा. फक्त शंभर व्होल्टची कर्ण्याची लाइन असेल, तर गिटारचा स्पीकर थेट जोडता येत नाही. कर्णा मात्र तिथेच ठेवा. त्यात खालचे सूर ऐकू येत नाहीत, बारा इंची स्पीकर हवा. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचं मशीन कधीच चालवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

व्हॉल्व्ह बाहेरून दिसत असतील, तर ते तपासायला पेन्सिलचं मागचं टोक पुरतं: मशीन चालू असताना काचेवर हलकं टकटक करा, स्पीकरमधून घंटा वाजली तर तो व्हॉल्व्ह बदलायचा. प्लेट लाल झालेली दिसली तर लगेच बंद करा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईसीसी८३ आणि ईएल८४ सापडले तर जपून ठेवा, परदेशी संग्राहकही ते शोधतात. नवे प्रामुख्यानं रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात.

आतल्या कपॅसिटरांवर तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते टिकतात, म्हणून झाकण स्वतः उघडू नये. जुन्या मशीनला तिसरी, अर्थिंगची वायर बहुधा नसते. ती आधी बसवून घ्या, मगच गिटार लावा, कारण तारांना हात लागलेला वादक या सर्किटचा भाग असतो. म्हणून झाकण स्वतः उघडू नये. या कामाला जुन्या रेडिओचं काम केलेला म्हातारा मेकॅनिक शोधावा. त्याला जाळी, प्लेट यांबद्दल बोलायला कोणी भेटलेलंच नसतं. अमेरिकेहून मशीन आणलं असेल, तर ते १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टवर ते थेट लावलं, की ट्रान्सफॉर्मरचा वास घरभर येतो. त्यापायी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणि वाहतूक धरली, की आहुजाचा जुना डबा दुरुस्त करून घेणं पुन्हा स्वस्त पडतं.