लेखांक ७ : नववीचं पुस्तक रद्दीत घालू नका

हेलियम विजयदुर्गला सापडला या दाव्यावरचा कबूल केलेला लेख आज येणार नाही. हेलियम ओळखणारा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉक्यर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. १८६८ च्या ऑगस्टमधल्या ग्रहणावेळी तो इंग्लंडातच होता, एवढं सांगून ठेवतो. बाकीचं भांडण पुढच्या रविवारी.

कारण मध्येच मालवणहून फोन आला. "चेडवान धावी दिल्यान. सुट्टीत फिजिक्साक खयचा पुस्तक घेवचा?" विचारण्याआधीच या गृहस्थांनी एच. सी. वर्मांच्या फिजिक्सच्या पुस्तकाचे दोन्ही भाग मागवले होते. आधी घ्यायचं, मग विचारायचं, ही आपली जुनी रीत.

मी म्हटलं, पोरीचं नववीचं पुस्तक शोधा. ते शेजारच्या मुलाला देऊन झालं होतं. तेच तर! दहावी संपली की सगळे दहावीचं पुस्तक जपून ठेवतात, पण त्यात गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, उष्णता, भिंगं. अकरावीचा पाया बालभारतीच्या नववीतल्या पहिल्या दोन धड्यांत आहे : 'गतीचे नियम' आणि 'कार्य आणि ऊर्जा'. एनसीईआरटीच्या अकरावीत आता चौदा प्रकरणं उरलीत (पहिलं, भौतिकशास्त्र म्हणजे काय ते सांगणारं प्रकरण काढून टाकलं, मला ते आवडायचं). त्यातली दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची चार या दोन धड्यांचाच विस्तार आहेत, सदिश आणि थोडं कलन घालून. दोन्ही संस्थांची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. मुलगी मराठी माध्यमातली, अकरावी सायन्स इंग्रजीतून. तेव्हा मराठी नववी आणि इंग्रजी एनसीईआरटी शेजारी शेजारी उघडून बसायचं. तोच विषय दुसऱ्यांदा वाचताना इंग्रजीचा अर्धा धाक जातो.

धडा समजला की नाही हे कसं ओळखायचं? तिला धक्क्यावर न्या. सिंधुदुर्ग किल्ल्याहून परतलेल्या होडीतून, दोर बांधायच्या आधीच, एखादा उतावळा उडी मारतोच. होडी मागे सरते. किती? साठ किलोचा माणूस सेकंदाला २ मीटर वेगाने निघाला, तर ६०० किलोची होडी ०.२ मीटर वेगाने मागे जाईल आणि १२० किलोची लहान होडी चक्क १ मीटर वेगाने. पाण्याचा विरोध सोडून देऊ. हे तिने पुस्तक मिटून, कागदावर मांडलं पाहिजे. मग विचारायचं, विरोध सोडला नाही तर? इथे उत्तर नको, वाद हवा.

असाच वाद वर्मांच्या पुस्तकात आहे, म्हणून मला ते प्रिय. १९९२ सालचं ते पुस्तक लोक गणितांसाठी घेतात. मी घेईन ते प्रत्येक प्रकरणाखालच्या छोट्या प्रश्नांसाठी, ज्यांची उत्तरं पुस्तकात दिलेलीच नाहीत. पण दुसऱ्याच प्रकरणात सदिश, विकलन आणि संकलन एकदम अंगावर येतात. विकलन कधी न पाहिलेली मुलगी तिथेच अडकते आणि स्वतःला मठ्ठ समजते. सोडवलेल्या उत्तरांचं गाईड तर सुट्टीत घरात आणूच नका; ते उघडं असलं की पेन्सिल उचलली जात नाही.

वर्मा गणपतीनंतर उघडा. "मगे दुसरो भाग परत धाडू?" असंही त्या मालवणच्या गृहस्थांनी विचारलं. नको. बारावीची वीज त्यात असली तरी अकरावीची उष्णताही त्याच भागाच्या सुरुवातीला आहे.